पेढीच्या चहाची चव वर्षभर एकसारखी कशी ठेवायची

घरचा चहाचा धंदा सुरू करू बघणारे, किंवा वडिलांचं दुकान नुकतंच हातात आलेले तरुण अधूनमधून आमच्याकडे विचारायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला, 'माल कुठून घ्यायचा?' दुसरा, 'किलोमागे किती सुटतात?' दोन्हींचं उत्तर पुढे देते. आधी एक गोष्ट पक्की धरा. लहान पेढीकडे गिऱ्हाईक परत येतं ते एकाच कारणासाठी: मागच्या महिन्यात नेलेला चहा जसा लागला, तसाच या महिन्यातही लागतो. जाहिराती, बक्षीस योजना, पुड्यासोबत फुकट बरणी हे मोठ्या कंपन्यांना परवडतं. आपल्या हातात चव आहे, आणि ती राखणं सोपं नाही, कारण चहाचं पीक दर पंधरवड्याला बदलतं. एकाच बागेतला जूनचा आणि ऑगस्टचा चहा शेजारी शेजारी करून प्या, दोन वेगळ्या गावांचे वाटतील.

सांगलीतली आमची पेढी सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, सुटा चहा विकत उभी केली. आज चव आणि मिक्स, म्हणजे निरनिराळ्या बागांचे चहा मिसळणं, माझ्याकडे आहे, खरेदी आणि हिशेब धाकटे दीर बघतात, पॅकिंग पुतण्याकडे. खाली लिहिते ते आमच्या रोजच्या कामातलं आहे.

खरेदी महिना बघून करा

आपल्याकडे दूध घालून उकळलेला चहा पितात. त्याला सीटीसी लागतो, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेला दाणेदार चहा. मिक्सचा मुख्य भाग आसामचा ठेवा. पण नुसतं 'आसाम' म्हणून भागत नाही, महिना विचारा. मार्च-एप्रिलमधला पहिल्या बहराचा दाणा दिसायला देखणा असतो, पण म्हशीच्या दुधात तो हरवून जातो. मेअखेर ते जूनअखेर येणारा दुसरा बहर हा खरा माल. रंग, कडकपणा आणि भाजक्या धान्याचा गोडसर वास तिन्ही त्यात असतात. जुलै ते सप्टेंबर पावसाळी माल भरपूर येतो आणि दर उतरतो, पण घोट पोकळ लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुधारणा दिसते. मग हिवाळ्यात उत्तर भारतातले कारखाने बंद होतात. २०२४ साली तर टी बोर्डाने, म्हणजे केंद्र सरकारच्या चहा मंडळाने, ३० नोव्हेंबरलाच तोडणी थांबवायला लावली.

याचा अर्थ असा की डिसेंबरपासून पुढच्या जूनपर्यंत तुमची चव तुमच्या गोदामातल्या मालावर चालते. नवीन माणूस इथेच अडतो. सप्टेंबरात स्वस्त मिळालं म्हणून तो गोदाम भरतो आणि फेब्रुवारीत गिऱ्हाइकं 'पूर्वीसारखा राहिला नाही' म्हणू लागतात. आम्ही वर्षाच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा जूनच्या मालातून उचलतो. त्यासाठी लागणारा पैसा एप्रिलपासूनच बाजूला काढायचा. त्या काळात दुकानाला नवा रंग, नवी गाडी असले विषय घरात काढायचे नाहीत. हिवाळ्यातली भर घालायला निलगिरीचा माल उपयोगी पडतो. तिकडे बारा महिने तोडणी चालते आणि डिसेंबर ते मार्चचा माल वासाला सुरेख असतो. कडकपणा मात्र आसामचा नाही, म्हणून मिक्समध्ये दहा-पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नका.

माल येतो मुख्यतः लिलावातून. कोलकात्याचा लिलाव १८६१ पासूनचा, कुन्नूरचा १९६३ चा, गुवाहाटीचा १९७० चा, सिलिगुडीचा १९७६ चा. आता बोली संगणकावर लागते. महिन्याला दोन-चार टन घेणाऱ्या पेढीने स्वतः बोली लावत बसण्यापेक्षा तिथल्या नोंदणीकृत खरेदीदाराकडून माल उचलावा. पण त्याच्याशी बोलताना 'बीपी पाठवा, चांगला पाठवा' एवढ्यावर थांबू नका. बीपी, बीओपीएसएम, पीडी ही दाण्याच्या आकाराची नावं आहेत. त्यावरून चव कळत नाही. बागेचं नाव, इन्व्हॉइस नंबर आणि माल कधी बनला ती तारीख मागा. आधी नमुना मागवा, चव घ्या, पसंत पडला तर त्यातलाच निम्मा नमुना सीलबंद ठेवा. गाडी आली की पोती उतरवून घेण्याआधी दोन-तीन पोत्यांतला चहा काढून त्या नमुन्याशी ताडून बघा. फरक असेल तर त्याच वेळी फोन लावायचा. पोती एकदा गोदामात गेली की तुमचं बोलणं कुणी ऐकत नाही. आणि एका माणसावर कधीही अवलंबून राहू नका. दोन ठिकाणचे नमुने शेजारी असले की दर आपोआप सरळ येतात.

बाजारभावापेक्षा फारच स्वस्त माल कुणी दारात आणून दाखवला तर घेऊ नका. कारखान्यात झाडलोट करून निघालेला टाकाऊ चहा मागच्या दाराने असाच फिरतो. तो विकायला-साठवायला १९५९ च्या आदेशाप्रमाणे टी बोर्डाचा परवाना लागतो, आणि तो प्यायच्या पुड्यात येता कामा नये.

चव घेताना गिऱ्हाइकाचं पाणी वापरा

लिलावातले चव बघणारे लोक शंभर मिलीलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा घेतात, पाच-सहा मिनिटं झाकून ठेवतात, गाळतात, आणि चमच्याने घोट जोरात ओढून तोंडभर फिरवून थुंकतात. ही पद्धत शिकून घ्या. सगळे नमुने एकाच मापाने, एकाच वेळी. कोरडा दाणा बघायचा, गाळणीतला ओला चोथा बघायचा, मग गाळलेलं चहाचं पाणी. चोथा तांबूस, चकचकीत असावा. काळपट-हिरवट दिसला तर पानं नीट मुरलेली नाहीत. एक खूण नवख्यांना फसवते: चांगला आसाम चहा थंड होताना गढूळ होतो, वर साय धरल्यासारखा दिसतो. तो खराब नाही, उलट त्यात ताकद असल्याचं ते लक्षण आहे. शंका आली तर पुन्हा गरम करा, पाणी परत स्वच्छ होतं.

पण एवढ्यावर माल पास करू नका. आपल्या घरांमध्ये चहा भिजत ठेवत नाहीत, उकळतात. भिजवल्यावर छान लागणारा एखादा दाणा तीन मिनिटं उकळला की कडू होतो, आणि भिजवून साधा वाटलेला एखादा उकळल्यावर खुलतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक नमुन्याची दुसरी परीक्षा गॅसवर होते: एक कप पाणी, अर्धा कप म्हशीचं दूध, एक चमचा चहा, घरी करतात तसा. साखर त्या कपात घालायची नाही, साखर दोष झाकते.

आता पाण्याचं. हे मला अण्णांनी शिकवलं आणि यासारखी उपयोगी गोष्ट या धंद्यात दुसरी नाही. कृष्णाकाठच्या गावांत नदीचं पाणी आहे. जत, कवठेमहांकाळकडे कित्येक घरी बोअरचं जड पाणी. त्या पाण्यात चहाचा रंग मंदावतो, वर तवंग येतो आणि तुरटपणाची धार जाते. सांगलीच्या पाण्यात झकास लागणारा मिक्स तिकडे अळणी लागतो, आणि दुकानदार म्हणतो तुम्ही माल बदलला. तेव्हा ज्या भागात विकायचं त्या भागातून पाच लिटरचा कॅन भरून आणा आणि त्या पाण्यात चव घ्या. जड पाण्यासाठी आम्ही वेगळा मिक्स ठेवला आहे. त्यात बारीक दाणा जास्त, कारण तो पटकन उतरतो, आणि दुसऱ्या बहराच्या मालाचं प्रमाण वाढवलेलं. पुडा वेगळ्या रंगाचा आहे, दुकानदाराला कारण सांगितलेलं आहे.

गुळाच्या चहाचंही असंच. आमच्या आणि कोल्हापूरच्या भागात गूळ घालून चहा पिणारी घरं भरपूर. गुळाला स्वतःचा वास आणि किंचित खारटपणा असतो, त्यात नाजूक चहा बुडून जातो. भरीव, कडक मिक्सच द्यावा लागतो. शिवाय पुड्यावर करायची पद्धत छापा: गूळ कोऱ्या चहात विरघळवा, गॅस बंद करा, मग वेगळं तापवलेलं दूध घाला. दुधासोबत गूळ उकळला तर दूध फाटतं आणि दोष चहाच्या पुड्याला लागतो.

चव दोघांनी घ्या, आणि कपाखाली चिठ्ठी ठेवून घ्या. कुठला कप महागाचा हे माहीत असलं की जीभ पक्षपात करते. दोघांचं मत आधी कागदावर, मग बोलणं. त्या दिवशी सकाळी कांदा-लसूण नाही, उदबत्ती नाही, केसांना वासाचं तेल नाही.

मिक्स

मिक्सचं कोष्टक तुमचं तुम्ही बसवाल, पण विचार कसा करायचा तो सांगते. एक माल ताकदीसाठी, एक वासासाठी, एक पटकन रंग सुटण्यासाठी. आमच्या घरगुती मिक्समध्ये साधारण निम्मा आसामचा मध्यम दाणा, पाव हिस्सा जूनचा राखून ठेवलेला माल, बाकी उत्तर बंगालमधल्या डुआर्सचा दाणा आणि थोडी डस्ट, म्हणजे सगळ्यात बारीक चहा. हॉटेलच्या मिक्समध्ये डस्ट बरीच जास्त, कारण तिथे पातेलं सतत उकळत असतं आणि किलोमागे कप किती निघतात हे मालक मोजतो.

प्रत्येक प्रकारात एकाच बागेचा माल कधीच घेऊ नका. आठ-दहा बागांचा मिळून मिक्स बसवला की एखादी बाग संपली तरी चवीला धक्का लागत नाही. एकदम दोन बागा बदलायच्या नाहीत. नवा माल आला की शंभर ग्रॅमचा छोटा मिक्स करून जुन्या लॉटच्या राखीव नमुन्याशी ताडा. कपांची जागा बदलून घरातल्या तिसऱ्या माणसाला विचारा, वेगळा कुठला? त्याला सांगता आलं नाही तरच मोठा मिक्स लावा.

दाण्याच्या आकारात फार तफावत नको. मोठा दाणा आणि बारीक डस्ट एका पुड्यात घातली की प्रवासात हादरे बसून डस्ट तळाला जाते. मग पुडा सुरू करताना चहा फिका आणि संपत आला की कडू. तसंच मिक्स फिरवायचा ड्रम काठोकाठ भरला तर आत माल फिरतच नाही. दोन-तृतीयांश भरा, दहा-पंधरा मिनिटं सावकाश फिरवा, जोरात फिरवला तर दाण्याची भुकटी होते. ड्रममध्ये जाण्याआधी माल चाळणीवरून आणि लोहचुंबकावरून गेलाच पाहिजे. सीटीसी यंत्राचे रूळ झिजतात आणि लोखंडाचा बारीक कीस चहात उतरतो. कायद्याने किलोला १५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, पण आपण चुंबक लावून तो काढायचा.

प्रत्येक लॉटला नंबर, प्रत्येक लॉटचा शंभर ग्रॅम सीलबंद नमुना, वर्षभर. वहीत लॉट नंबर, कुठल्या बागेचे किती किलो, तारीख, चव कुणी पाहिली. ही वही आमच्या पेढीत तिजोरीत असते.

गोदाम

सांगली हळदीचं गाव. मार्केट यार्डाकडे वारा फिरला की कपड्यांना हळदीचा वास येतो. चहा असा वास चटकन पकडतो आणि सोडत नाही. म्हणून आमचं गोदाम बाजारापासून लांब आहे, भाडं जास्त देऊन. तिथे मसाला, साबण, फिनेल, रंगाचे डबे काहीही ठेवायचं नाही. लादी नुसत्या पाण्याने पुसायची. कारखान्यातून चहा निघतो तेव्हा त्यात जेमतेम तीन टक्के ओल असते. सहा-सात टक्क्यांवर गेला की तो मेला, वास उडाला. जून ते सप्टेंबर पोती अर्धवट उघडी ठेवायची नाहीत, आणि पाऊस लागून राहिला असेल त्या दिवशी मिक्स लावायचा नाही. पॅकिंगला आत अॅल्युमिनियमचा थर असलेलं पाकीटच घ्या. नुसती तपकिरी कागदी पिशवी दिसायला छान, पण आपल्या पावसाळ्यात चहा महिनाभरात शिळा होतो.

२००५, २०१९, २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, तरी लिहिते: पुराच्या रेषेखाली गोदाम घेऊ नका, माल फळीवर ठेवा, आणि विम्याच्या कागदात पूर हा शब्द आहे का ते स्वतः वाचा.

दर कसा काढायचा

आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून. माल २४० रुपये किलो पडला. दलाली, वाहतूक, विमा १४. चाळणीतली घट अडीच रुपये. पॅकिंग २२, मजुरी १०, भाडं-वीज ९. हे सगळे लिहितात. विसरतात ते व्याज: २५४ रुपये चार महिने गोदामात पडून राहिले, बारा टक्क्यांनी धरले तर दहा रुपये झाले. बेरीज ३०७ च्या पुढे जाते. त्यावर तुमचा नफा, मग दुकानदाराचा, मग पाच टक्के जीएसटी. जूनचा माल राखून ठेवणारी पेढी व्याज धरत नसेल तर ती स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला चहा पाजते आहे.

मालाचा दर वाढला की पुड्याचा दर वाढवा. पुड्याचा दर तोच ठेवून आत स्वस्त माल ढकलण्याचा मोह सगळ्यांना होतो. आम्ही दुकानदाराला पंधरा दिवस आधी लेखी कळवतो, कारणासकट. काही दुकानं तुटतात. चव घसरली तर मात्र सगळीच तुटतात आणि का तुटली हे कुणी सांगतही नाही.

उधारीचं थोडक्यात: आठवड्याची उधारी द्या, महिन्याची नको, आणि नातेवाइकाच्या दुकानाला तोच नियम.

रंग

काही हॉटेलवाले सरळ विचारतात, 'रंगाचा माल आहे का?' नाही म्हणायचं. रंग मिसळलेला चहा विकणं गुन्हा आहे आणि रोज पिणाऱ्याच्या पोटात तो जातो, यात तडजोड नाही. स्वतः घेतलेल्या मालाचीही परीक्षा करा: पांढऱ्या टिपकागदावर चहा पसरा, पाणी शिंपडून थोडा वेळ ठेवा, चहा झटकून कागद धुऊन उजेडात धरा. शुद्ध चहाचा डाग फिका असतो, रंग असेल तर तो लगेच दिसतो. कीटकनाशकांचे अंश घरी कळत नाहीत, त्यासाठी मोठ्या लॉटचा नमुना एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा. खर्च होतो. तो वरच्या बेरजेत एक ओळ म्हणून धरा. परवाना, वजन, पॅकिंगचा महिना, किंमत, तक्रारीचा पत्ता या गोष्टी पुड्यावर नियमाप्रमाणे छापाच, त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

घरातले नियम

घरच्या पेढ्या बाजारामुळे बंद पडतात त्याहून जास्त घरामुळे बंद पडतात, असं मी आजूबाजूला पाहिलं आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाला पगार आहे, मलाही. घरी लागणारा चहासुद्धा काट्यावर मोजून वहीत लिहून जातो. लग्नकार्याला दहा किलो दिला तरी नोंद. भागीदारीचा करार लेखी आहे आणि त्यात कुणी बाहेर पडलं तर मालाची किंमत कशी धरायची हेही लिहिलं आहे. सुनेला, मुलीला चव शिकवा. मी लग्न होऊन आले तेव्हा मिक्स फक्त अण्णांच्या डोक्यात होता. त्यांनीच मला बसवून कोष्टकं लिहून घेतली आणि रोज सकाळी कप मांडायला लावले. जे एकाच माणसाच्या जिभेवर आहे ते पेढीचं नसतं, त्याच्यासोबत जातं. आता आमच्याकडे तिघांना मिक्स लावता येतो.

दार्जिलिंग ठेवायचा असेल तर

पुण्यामुंबईला राहून आलेली मुलं हल्ली बिनदुधाचा चहा मागतात. जरूर ठेवा, पण थोडा. दार्जिलिंगमध्ये ८७ बागा. एकेकाळी वर्षाला एक कोटी किलोच्या वर निघणारा चहा आता पासष्ट लाख किलोही होत नाही. २०१७ साली तिथला बंद १०४ दिवस चालला, त्यात दुसऱ्या बहराचा जवळजवळ सगळा माल गेला, आणि परदेशी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. त्या नावाने इतर ठिकाणचा, विशेषतः नेपाळचा, चहा सर्रास विकला जातो. नेपाळचा चहा वाईट नाही, नेपाळचा म्हणून विका. दार्जिलिंग हे भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन, २००४ चं. टी बोर्डाचं चिन्ह, हातात चहाचं पान धरलेली बाई, वापरायला परवानगी घ्यावी लागते. बाग, बहर आणि वर्ष पुड्यावर छापा. आणि ठळक अक्षरात लिहा: उकळू नका. पाणी उकळून दोन मिनिटं थांबा, कपाला एक छोटा चमचा, तीन मिनिटं झाकण, गाळा, दूध नाही. दुकानात एक कप करून पाजल्याशिवाय आम्ही हा पुडा नव्या माणसाला देत नाही.

तक्रार आली तर

गिऱ्हाईक म्हणतं चव बदलली, तर वाद घालू नका. पुडा घेऊन यायला सांगा, लॉट नंबर बघा, त्या लॉटचा राखीव नमुना काढा. दोन्ही चहा त्याच्यासमोर उकळा आणि त्यालाच पाजा. दोन्ही सारखे लागले तर घरचं पाणी, दूध किंवा डबा विचारा. बहुतेक वेळा डबा आधी मसाल्याचा निघतो. पुडा वेगळा लागला आणि नमुना ठीक, तर माल वाटेत किंवा दुकानात बिघडला, दुकानदाराचा उरलेला साठा बदलून द्या. नमुनाच बिघडलेला निघाला तर त्या लॉटचे सगळे पुडे बाजारातून परत बोलवा, त्याच दिवशी, वहीत कुठल्या दुकानाला किती गेले ते असतंच.